घरचे रसायन आणि बाजारचे टॉनिक

(समाजाच्या वार्षिक संमेलनात जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या चिटणिसांनी आम्हांस ‘शक्तिवर्धक नैसर्गिक पदार्थ’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य गेले ते फळ्यापुढे. तेव्हा कोणास औषधयोजना सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि तो आम्ही घेणारही नाही. तथापि आपल्या वाणी समाजाचा या विषयाशी एक वेगळाच संबंध आहे. सुंठ, पिंपळी, खारीक, खोबरे, डिंक, हळीव, खसखस, गोडंबी हे जिन्नस जळगाव-धुळ्याच्या खेड्यापाड्यांतून घरोघरी पोहोचले ते पुष्कळ अंशी आपल्या वाडवडिलांच्या तागडीतून. ज्याच्या दुकानात माल आहे, त्याला मालाचे गुण ठाऊक असावेत आणि दोषही ठाऊक असावेत. या नात्याने आम्ही बोलणार आहोत.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘टॉनिक’ हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ ताण देणारे, शिथिल झालेली दोरी आवळणारे. आपल्याकडचा शब्द ‘रसायन’. अन्नाचा रस शरीरात ज्या मार्गाने सर्वत्र पोहोचतो आणि धातूंचे पोषण करतो, तो मार्ग नीट ठेवणे हे रसायनाचे काम. या दोन शब्दांतच दोन दृष्टी दिसतात. एकीत बाहेरून आवळायचे आहे, दुसरीत आतून भरायचे आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाचा आहे आणि आज ज्याच्या बरण्या दुकानोदुकानी दिसतात त्या च्यवनप्राशाची कृतीही त्याच अध्यायात आहे. परंतु बरणीवर जी गोष्ट छापलेली नसते ती अशी, की चरकाने रसायनापूर्वी शरीर शुद्ध करावयास सांगितले आहे, आणि त्याच अध्यायाच्या अखेरीस आचाररसायन म्हणून एक निराळाच प्रकार सांगितला आहे. सत्य बोलणारा, क्रोध आवरणारा, मद्यापासून दूर राहणारा, झोप आणि जागरण यांचा मेळ राखणारा, दूधतूप नित्य घेणारा मनुष्य हा रसायन न घेताही रसायनाचे फळ भोगतो, असा त्याचा आशय. या रसायनाची जाहिरात करण्यात कोणाचा फायदा नसल्याने ती होत नाही, इतकेच.

बाटलीतल्या टॉनिकाचा इतिहासही मौजेचा आहे. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, तेव्हा मद्यार्क असलेली औषधे आणि टॉनिके यांचे काय करायचे हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५१ च्या निकालात न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधांना आणि प्रसाधनांना लागू होणारा कायद्याचा भाग अवैध ठरविला. म्हणजे ज्या बाटलीतल्या ‘शक्ती’ने मनुष्याला दोन घोटांत तरतरी वाटे, त्या तरतरीचे मूळ कोठे होते हे कायदा करणाऱ्यांसही ठाऊक होते. आपली आसवे-अरिष्टे यांतही आंबविण्याच्या क्रियेने मद्यार्क उत्पन्न होतो. वैद्याने मोजून दिल्यास तो औषध असतो, पण ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणून पेल्याने घेतल्यास तो मद्यच असतो.

आता आपल्या खान्देशाकडे येऊ. सातपुड्याच्या पायथ्याला रावेर, यावल, चोपडा, शिरपूर हे तालुके लागून आहेत. त्या डोंगरातून धावड्याचा डिंक, मोहाची फुले, चारोळी, आवळा, बिब्बे आणि पांढरी मुसळी खाली बाजारात येत असत आणि आजही येतात. गोळा करणारे हात पावरा, भिल्ल, तडवी बांधवांचे. तोलणारे हात आपले. त्या व्यवहारात मोल कोणाला किती मिळाले हा विषय आज आम्ही काढीत नाही, पण तो काढण्याजोगा आहे हे नमूद करून ठेवतो.

डिंकाचे लाडू हे आपल्या घरचे थंडीतले पहिले रसायन. पुष्कळांची समजूत अशी की लाडवातली सारी ताकद डिंकात असते. वस्तुतः डिंक हा पचनात विरघळणारा एक प्रकारचा तंतुमय पदार्थ आहे. तो पोट साफ ठेवण्यास साह्य करतो, परंतु मांस किंवा रक्त वाढविण्याजोगे त्यात फार थोडे असते. लाडवात ताकद येते ती तूप, खोबरे, खारीक, गोडंबी, खसखस आणि गूळ यांनी. पूर्वी भल्या पहाटे मोट हाकावयास निघालेल्या गड्याला एका लाडवाने दुपारपर्यंत आधार मिळे, तो या उष्मांकांमुळे. आज तोच लाडू दुकानाच्या गादीवर दिवसभर बसणाऱ्या, पंचावन्न वर्षांच्या, मधुमेह असलेल्या गृहस्थाने ‘गुळाचा आहे, साखरेचा नाही’ असे म्हणत रोज दोन खाल्ले तर त्याचा परिणाम काय व्हावा? गुळात साखरेहून चार खनिजे अधिक असली तरी रक्तातील साखर वाढविण्याच्या कामी तो साखरेचा सख्खा भाऊ आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेहाचे रोगी १० कोटींच्या वर आहेत. च्यवनप्राशातही साखरेचा वाटा मोठा असतो हे बरणीवरील बारीक अक्षरांत वाचावयास मिळते. आपल्यापैकी किती जण ते वाचतात?

बिब्ब्याविषयी एक सावधगिरीचा शब्द. आतली गोडंबी निर्धोक आणि रुचकर, परंतु टरफलातील तेल अंगावर उतते, फोड येतात, आणि पोटात गेल्यास अधिकच अनर्थ होतो. थंडीत बिब्बा तुपात खाण्याची जी चाल काही घरांत आहे, ती जाणत्या वैद्याच्या देखरेखीशिवाय चालवू नये. पांढऱ्या मुसळीची कथा वेगळी. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आणि पुढील काही वर्षे तिच्या लागवडीचे वेड या राज्यात पसरले. माल परत विकत घेण्याच्या हमीवर कित्येकांनी महागडे बियाणे घेतले आणि हमी देणारे पुढे दिसेनासे झाले. मुसळीने शेतकऱ्याची शक्ती वाढली नाही, उलट होती तीही गेली.

कोरोनाच्या साथीत २०२० साली घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. कुंपणावर दिसेल ती वेल लोकांनी तोडून आणली. पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असा काढा घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल लोक वापरीत असण्याची शक्यता दाखवून दिली. या वादात निवाडा देण्याचे आमचे काम नव्हे. परंतु दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून सामान्य गृहस्थाने जे ध्यानात घ्यावयाचे ते एकच निघते, की वेल ओळखता येत नसेल तर ती उकळू नये, आणि ओळखता येत असली तरी महिनोन्‌महिने मनानेच घेऊ नये. अश्वगंधेचेही तसेच. तिचे मूळ वापरात आहे, परंतु पाने वापरू नयेत अशी सूचना आयुष मंत्रालयाने उत्पादकांना २०२१ साली दिली होती. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी असे असते, तर आपल्या शेताच्या बांधावरचा धोतराही नैसर्गिकच आहे.

येथे आपल्या दुकानदार बंधूंस हात जोडून एक विनंती. परवाना क्रमांक नसलेली, घटकद्रव्ये न छापलेली ‘ताकदीची पूड’ कितीही नफा देत असली तरी फळीवर ठेवू नये. अशा निनावी पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार तपासणीत उघडकीस आले आहेत. ते घेणाऱ्याला आठ दिवसांत भूक लागते, अंग भरल्यासारखे दिसते, गिऱ्हाईक दुकानदाराला दुवा देते. आणि पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, तेव्हा दोष कोणाला द्यावा हे त्याला कळत नाही. मधुमेह बरा करण्याची किंवा पुरुषत्व वाढविण्याची जाहिरात करणे हा १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही वर्तमानपत्रांतून आणि आता मोबाइलच्या पडद्यावर ती राजरोस चाललेली दिसते. तिकडे सरकार पाहील तेव्हा पाहो. आपली फळी तर आपल्या हातात आहे.

आतापर्यंत जे सांगितले ते काय घेऊ नये याविषयीचे झाले. काय घ्यावे हे विचाराल, तर आम्ही खान्देशच्या रोजच्या ताटाकडे बोट दाखवू. कळण्याची भाकरी पाहा. ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळून ती होते. धान्यातल्या प्रथिनात जे कमी असते ते कडधान्य भरून काढते, ही गोष्ट आहारशास्त्राने प्रयोगशाळेत सिद्ध केली. आपल्या मोठ्या आईने ती जात्यावर सिद्ध केली होती. पिंपळनेरकडच्या डोंगरपट्ट्यातली नागली घ्या. १०० ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना असतो, आणि इतर कोणतेही तृणधान्य तिच्या जवळपासही येत नाही. कार्तिकात आवळीभोजन करतो त्या आवळ्यात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असते. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा डिंक-सुंठ बाजूस ठेवून ताक, कैरीचे पन्हे आणि भिजवलेला सब्जा ही रसायने होत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे आपल्या जिल्ह्याचे भाग्य. त्याच गीतेच्या सतराव्या अध्यायात आयुष्य आणि आरोग्य वाढविणारा आहार कोणता याचे विवेचन आले आहे. त्यात कोठेही दुर्मिळ मुळी किंवा महागडे भस्म नाही. रसाळ, स्निग्ध, मनाला रुचणारे साधे अन्नच आहे.

परंतु आम्हांस आज विशेष बोलावयाचे आहे ते बाजरीविषयी. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरीच्या सुधारणेचे संशोधन केंद्र आहे, हे आपल्यापैकी धुळेकरांनाही सर्वांना ठाऊक असेल असे नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने ‘धनशक्ती’ नावाचा बाजरीचा वाण काढला आणि तो २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. त्यात साध्या बाजरीपेक्षा लोहाचे प्रमाण अधिक आहे. पुढे धुळ्याच्या केंद्रातून ‘फुले आदिशक्ती’, ‘फुले महाशक्ती’ यांसारखे लोह आणि जस्त यांनी समृद्ध असे वाण निघाले. ही केवळ कागदावरची मातबरी नव्हे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना सहा महिने अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी देऊन पाहण्यात आली आणि त्याचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या शरीरात लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी ही बाजरी खाणारी मुले साधी बाजरी खाणाऱ्यांच्या मानाने सुमारे १.६ पट अधिक प्रमाणात त्या कमतरतेतून बाहेर पडली. भाकरीने लोहाची कमतरता भरून निघते हे असे मोजून दाखविलेले आहे. किती टॉनिकांच्या बाटल्यांविषयी असे म्हणता येईल?

लोहाचा हा प्रश्न आम्ही एवढा का लावून धरतो, ते आता सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ पांडुरोगी, म्हणजे रक्त कमी असलेल्या आहेत. त्यापूर्वीच्या पाहणीत हेच प्रमाण शेकडा ४८ होते. म्हणजे घरे पक्की झाली, दारात मोटारी आल्या, आणि घरातल्या बाईचे रक्त मात्र कमी झाले. हे दरिद्री घरांतच असेल असे कोणी समजू नये. आम्ही इतकी वर्षे शाळेत पाहिले, की प्रार्थनेला उभ्या असताना भोवळ येऊन खाली बसणाऱ्या मुलींत खात्यापित्या घरांतल्या मुलीही असत. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी त्या रुमालात बांधून बाहेर टाकीत. मळमळते म्हणत, शौच काळी होते म्हणून भीत. आणि ‘सरकारी गोळी कशाला, मी चांगले टॉनिक आणून देतो’ असे सांगणारे पालकही आम्हांस भेटले. त्यांनी आणलेल्या बाटलीची किंमत मोठी असे. ती बहुधा परीक्षेला बसलेल्या मुलाला मिळे.

मंडळी, पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि स्त्रीला २९, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० च्या कोष्टकात दिले आहे. स्त्रीची गरज दीडपट. आता आपल्या घरच्या पंगतीचा क्रम आठवा. आधी नाना आणि आप्पा, मग मुले, मग सासूबाई आणि सर्वांच्या मागून सून; आणि तोवर भाजीच्या पातेल्यात रस्साच उरलेला. डिंकाचे आणि हळिवाचे लाडू आपण सुनेला देतो ते बाळंतीण झाल्यावर, चाळीस दिवस. ही चाल उत्तम आहे. हळिवात लोह भरपूर आहे, खोबरे आणि गूळ यांनी अंगात बळ येते. परंतु विहीर कोरडी पडल्यावर चाळीस दिवस घागरीने पाणी ओतण्यासारखे ते आहे. मूल पोटात असताना, त्याआधी, लग्नाआधी, चौदा-पंधरा वर्षांच्या वयात तिला काय मिळाले हा खरा प्रश्न आहे. लोहाची गोळी गर्भवतीने १८० दिवस आणि प्रसूतीनंतरही तितकेच दिवस घ्यावयाची असते. ती आरोग्य केंद्रात फुकट मिळते आणि तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. हळीव किंवा बाजरी ही त्या गोळीची जागा घेऊ शकत नाहीत, हे आम्ही येथे मुद्दाम सांगतो, कारण नैसर्गिक पदार्थांची स्तुती ऐकून उद्या कोणी सुनेची गोळी बंद करील. गोळी चालू ठेवावी आणि भाकरीही द्यावी. वनस्पतींतले लोह शरीर फार थोडे शोषून घेते. जेवणात लिंबू पिळले किंवा आवळ्याची फोड घेतली तर ते अधिक शोषले जाते, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर कमी. आपल्याकडे ताट उचलायच्या आत चहाचे आधण चढते, तेवढे एक तासाने पुढे ढकलले तरी पैसा न खर्चता पुष्कळ साधेल.

रक्त कमी असण्याची सर्वच कारणे लोहाची नसतात. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे, थॅलेसेमिया आहे, पोटातले जंत आहेत. तेव्हा आधी तपासणी आणि मग उपाय. आपल्या वधूवर मेळाव्यात पत्रिका जुळवितात, गुण मोजतात, मुलाचा पगार विचारतात. त्याच मंडपात एका बाजूस हिमोग्लोबिन मोजण्याची सोय ठेवावी, अशी सूचना आम्ही या व्यासपीठावरून मांडीत आहोत. मुलीचे १२ च्या खाली निघाले म्हणून स्थळ नाकारण्यासाठी नव्हे. त्याकरिता आकडा केवळ तिला आणि तिच्या आईला सांगावा, चिठ्ठी कोणाच्या हाती देऊ नये. आणि मुलांचीही तपासणी करावी, म्हणजे एकट्या मुलींकडे कोणी बोट दाखविणार नाही. दरवर्षी सत्कारासाठी ज्या शाली आणि नारळ आपण घेतो, त्यांतील काही खर्च या कामी वळविला तर सत्कारमूर्तींची हरकत नसावी. निदान आमची तरी नाही.

दुसरी सूचना शेती असलेल्या बंधूंना. खरिपात चार-पाच गुंठे का होईना, घरच्यापुरती लोहयुक्त वाणाची बाजरी लावून पाहावी. बियाण्याची चौकशी धुळ्याच्या केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे करावी. आता सगळीकडे केळी आणि कापूस झाल्यामुळे बाजरी विकत आणावी लागते, आणि विकतच्या बाजरीचा वाण कोणता हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

व्याख्यानापूर्वी एका भगिनींनी आम्हांस विचारले, की बाजरीचे पीठ कडू होते आणि मुले भाकरी खात नाहीत, त्याला काय करावे? प्रश्न रास्त आहे. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने दळलेले पीठ लवकर खवट होते. महिन्याचे दळण एकदम आणू नये. चार-पाच दिवसांपुरतेच दळावे, पीठ हवाबंद डब्यात थंड जागी ठेवावे आणि भाकरी थापताना पाणी कडकडीत घ्यावे. भाकरीवर तीळ लावले तर मुले आवडीने खातात आणि तिळातला चुनाही पोटात जातो. थंडीचे चार महिने याप्रमाणे करून पाहावे. हिमोग्लोबिनच्या तपासणीसाठी ज्यांची स्वतः पुढाकार घेण्याची इच्छा असेल, त्यांनी संमेलनाच्या कचेरीत आपले नाव आजच नोंदवावे.